रेडिओवर न वाजता मोठा झालेला बँड : मेटॅलिका

१९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये 'द रिसायकलर' नावाचं छोट्या जाहिरातींचं एक वर्तमानपत्र निघायचं. त्यात एका सतरा वर्षांच्या मुलाने जाहिरात दिली. तो ड्रमर होता आणि त्याला सोबत वाजवायला मेटलवाले, म्हणजे हेवी मेटल हे जोरकस रॉक संगीत वाजवणारे, हवे होते. आवडीचे बँड म्हणून त्याने तीन नावं दिली होती : टायगर्स ऑफ पॅन टँग, डायमंड हेड आणि आयर्न मेडन.

ही नावं म्हणजे चाळणीच होती. त्या वेळी अमेरिकेत आयर्न मेडन थोड्याफार लोकांच्या कानावर गेला होता, पण उरलेल्या दोन ब्रिटिश बँडची रेकॉर्ड मिळवायची तर परदेशातून मागवावी लागे. ही तिन्ही नावं ज्याला कळतील, तो आपोआप कामाचा माणूस ठरणार होता. जाहिरात वाचून आलेल्यांत गिटार वाजवणारा जेम्स हेटफिल्ड होता, आणि या दोघांच्या भेटीतून पुढे मेटॅलिका झाला.

मेटॅलिकाची गोष्ट साधारणपणे अशी सांगतात : रेडिओ नाही, टीव्ही नाही, नुसत्या जोरावर पोरं वर आली. हे निम्मं खरं आहे. पोरं जोरदार होती यात वाद नाही, पण तेवढ्याच जोराचे बँड तेव्हा आणखीही होते. माझ्या मते मेटॅलिकाचं वेगळेपण असं की हा बँड आधी एका चाहत्याच्या डोक्यात तयार झाला, आणि चाहत्यांचं जाळं कसं चालतं हे त्या चाहत्याला आतून ठाऊक होतं.

हा चाहता म्हणजे जाहिरात देणारा तो मुलगा, लार्स उलरिक. मूळचा डेन्मार्कचा. वडील टॉर्बेन उलरिक नावाजलेले टेनिसपटू, त्यामुळे मुलगाही टेनिसच खेळणार हे जवळपास ठरलेलंच होतं. त्यासाठीच १९८० मध्ये घर कॅलिफोर्नियात आलं. तिथे मात्र त्याची शाळेच्या संघातही डाळ शिजेना. शिवाय नवव्या वर्षी कोपनहेगनमध्ये त्याने डीप पर्पल या रॉक बँडचा कार्यक्रम पाहिला होता, तेव्हापासून जीव दुसरीकडेच अडकला होता. १९८१ च्या उन्हाळ्यात तो एकटा इंग्लंडला गेला, डायमंड हेडला कार्यक्रमानंतर गाठलं आणि चक्क त्यांच्याच घरी काही आठवडे मुक्काम ठोकला. ड्रम त्याला तेव्हा जेमतेम वाजवता येत होते. हेटफिल्डने पुढे सांगितलं आहे की पहिल्या भेटीत लार्सची झांज वाजवता वाजवता सारखी पडत होती. ती भेट तशीच विरली.

इंग्लंडमध्ये त्याने काय पाहिलं ते महत्त्वाचं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे पंक या बंडखोर रॉक संगीताच्या लाटेने एक गोष्ट रूढ केली होती : मोठ्या कंपनीची वाट पाहायची नाही, स्वतःच रेकॉर्ड काढायची. मेटलच्या नव्या पोरांनी तेच उचललं. १९७९ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाने या सगळ्यांना मिळून 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' असं लांबलचक नाव दिलं. लार्स परतला तो हे डोक्यात घेऊनच.

त्याच्या ओळखीचा ब्रायन स्लेगल हा आणखी एक रेकॉर्डवेडा मुलगा. तो स्थानिक मेटल बँडची गाणी एकत्र करून एक अल्बम काढणार होता. लार्सने त्याला विचारलं, मी बँड जमवला तर एक गाणं घेशील का? स्लेगल हो म्हणाला. हा होकार घेऊन लार्स पुन्हा हेटफिल्डकडे गेला, आणि या वेळी बोलणं जमलं. म्हणजे रेकॉर्डवर जागा आधी मिळाली, बँड नंतर झाला. २८ ऑक्टोबर १९८१ ही मेटॅलिकाच्या स्थापनेची तारीख धरतात. नावही असंच मिळवलेलं. सॅन फ्रान्सिस्कोतला मित्र रॉन क्विंटाना नवीन मासिक काढणार होता आणि त्यासाठी नावं सुचवून पाहत होता. त्या यादीत 'मेटॅलिका' होतं. लार्सने मित्राला दुसरं नाव घ्यायला लावलं आणि हे स्वतःच्या खिशात टाकलं. 'मेटल मॅसॅकर' हा तो अल्बम १९८२ मध्ये आला, तेव्हा पहिल्या छपाईत बँडच्या नावात 't' एकाऐवजी दोनदा छापला गेला होता.

आता थोडं आवाजाबद्दल. मेटल म्हणजे नुसता गोंगाट असं वाटणाऱ्याला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

मेटलच्या गिटारचा आवाज 'डिस्टॉर्शन'मधून येतो. अँप्लिफायरला पेलवणार नाही इतका सिग्नल त्यात घुसवला की लाटेचे माथे कापले जातात. माथे कापले की मूळ स्वरात नसलेले नवे स्वर जन्म घेतात. दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही ऐकू येऊ लागतात. समजा षड्ज ११० हर्ट्झवर धरला. त्याचा पंचम साधारण १६५ वर येतो. वजाबाकी ५५, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज! कुणी न छेडलेला खर्ज फुकटात मिळतो आणि दोन तारांचा आवाज भिंतीसारखा जाड होतो. हीच 'पॉवर कॉर्ड'. पंचमाऐवजी शुद्ध गंधार वाजवला तर वजाबाकी तितकी सोयीची येत नाही. तयार होणाऱ्या स्वरांची गर्दी होते आणि सगळं गढूळ लागतं. म्हणून मेटलमध्ये षड्ज-पंचमाची जोडी इतकी राबवली जाते.

यात मेटॅलिकाने आणि त्यांच्या पिढीने वेगाची भर घातली. गिटारवादक सहसा जलद वाजवताना पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) खाली-वर असं आलटून पालटून मारतो. हेटफिल्ड मात्र शक्य तिथे प्रत्येक ठोका खालच्याच दिशेने मारतो. हात दमतो, पण सगळे ठोके एकाच वजनाचे पडतात. त्यातच उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (तारांचं खालचं टोक जिथे टेकतं तिथे) तारांवर हलकेच टेकवलेली असते, त्यामुळे स्वर लांबत नाही, 'छग्-छग्' असा तुटक येतो. ब्रिटिश मेटलचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे), हार्डकोर या आणखी जलद पंकचा वेग आणि हा उजवा हात मिळून जे झालं त्याला पुढे 'थ्रॅश' म्हणू लागले. हेटफिल्ड गातोही, पण माझ्या लेखी या बँडचं खरं वाद्य त्याचा उजवा हातच आहे.

लॉस एंजेलिसला यात रस नव्हता. तिथल्या क्लबांत मॉटली क्रूसारख्या केस फुगवलेल्या, रंगरंगोटी केलेल्या बँडची चलती होती. १४ मार्च १९८२ ला ॲनाहाइममध्ये मेटॅलिकाचा पहिला कार्यक्रम झाला. तोवर मुख्य गिटारवर डेव्ह मस्टेन आला होता, बास गिटारवर रॉन मॅकगव्हनी. जुलैमध्ये त्यांनी सात गाण्यांचा डेमो, म्हणजे नमुन्याची कॅसेट, रेकॉर्ड केला : 'नो लाइफ टिल लेदर'. ही कॅसेट दुकानात ठेवली नाही. मित्रांना दिली, मित्रांनी उतरवून पुढच्यांना दिली.

'टेप ट्रेडिंग' हे प्रकरण आज नव्याने समजावून सांगावं लागतं. जगभर काही हजार पोरं अशी होती की ज्यांच्या आवडीचं संगीत ना रेडिओवर लागे, ना गावातल्या दुकानात मिळे. ती हाताने बनवलेली, झेरॉक्स काढलेली छोटी मासिकं वाचत. त्यांत पत्ते असत. तू मला अमुक बँडची कॅसेट पाठव, मी तुला तमुकची पाठवतो, असा पत्रव्यवहार चाले. दोन कॅसेट डेक एकमेकांना जोडले की प्रत तयार. पाकिटात घातली, तिकीट लावलं, गेली. पैशांचा संबंध नाही. ज्याच्याकडे ताजा आणि दुर्मिळ माल, त्याचा मान मोठा. साहजिकच एखादी जबरदस्त कॅसेट हाती लागली की ती लवकरात लवकर पुढे सरकवण्यातच प्रतिष्ठा होती. जाहिरात कंपनीला पैसे मोजूनही असं काम करून घेता आलं नसतं.

यात आणखी एक तांत्रिक बारकावा होता. कॅसेटची प्रत मूळपेक्षा नेहमी थोडी वाईट असते. प्रतीची प्रत आणखी वाईट. पाचव्या-सहाव्या हाती गेलेल्या कॅसेटवर झांजा पुसट होतात आणि खरखर वाढते. त्यामुळे डेमो कितीही फिरला तरी खऱ्या रेकॉर्डची भूक मरत नव्हती, उलट वाढत होती. २००० साली याच मेटॅलिकाने नॅपस्टर या इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण करू देणाऱ्या कंपनीवर खटला भरला आणि लार्सने त्यांची गाणी वाटणाऱ्या ३,३५,४३५ वापरकर्त्यांच्या नावांची खोकी त्या कंपनीच्या दारात नेऊन ठेवली, तेव्हा लोकांनी त्याला टेप ट्रेडिंगची आठवण करून देऊन दुटप्पी ठरवलं. टीका अगदीच चुकीची नव्हती. पण एमपीथ्रीची हजारावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ असते, हा फरक त्या भांडणात फारसा कुणी लक्षात घेतला नाही.

डेमोचा परिणाम सप्टेंबर १९८२ मध्ये दिसला. बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द स्टोन' क्लबमध्ये वाजवायला गेला, तर समोरच्या पोरांना गाण्याचे शब्द पाठ. एकही स्वतंत्र रेकॉर्ड नसलेल्या बँडचे! त्याच सुमारास लार्स आणि हेटफिल्डने ट्रॉमा नावाच्या बँडमधला क्लिफ बर्टन हा बासवादक पाहिला. तो बासवर सोलो वाजवत होता, तेही गिटारचा आवाज 'वा-वा' असा वळवणारं पायाचं पेडल लावून. दोघे त्याच्या मागेच लागले. बर्टनची अट एकच : मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्ही इकडे या. एका बासवादकासाठी अख्ख्या बँडने गाव बदललं. १९८३ च्या सुरुवातीला सगळे सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे एल सेरिटोमधल्या एका घरात दाटीवाटीने राहू लागले.

इकडे कॅसेट देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. न्यू जर्सीत जॉनी आणि मार्शा झझुला हे जोडपं जुन्या बाजारात रेकॉर्डचा गाळा चालवायचं. तिथे कुणीतरी हा डेमो आणून वाजवला. जॉनीने बँडला शोधून काढलं, १५०० डॉलर पाठवले आणि इकडे या म्हणून सांगितलं. पोरं भाड्याच्या ट्रकमध्ये सामान आणि स्वतःला कोंबून निघाली. मस्टेनचं पिणं आणि भांडणं या प्रवासात टोकाला गेली. ११ एप्रिल १९८३ ला सकाळी त्याला उठवून सांगितलं, तुझं संपलं. पुढचं विमान कधी, असं त्याने विचारलं. विमान नव्हतं, बसचं तिकीट होतं. न्यूयॉर्क ते कॅलिफोर्निया, चार दिवस. त्या रागातून त्याचा स्वतःचा बँड मेगाडेथ उभा राहिला, ती गोष्ट वेगळ्या लेखाची. त्याच्या जागेवर एक्सोडस बँडचा कर्क हॅमेट आला. मस्टेन गेला तरी पहिल्या अल्बममधल्या चार गाण्यांवर त्याचं नाव राहिलं.

एकही कंपनी हात लावेना, तेव्हा झझुलांनी स्वतःचंच लेबल काढलं : मेगाफोर्स. 'किल एम ऑल' २५ जुलै १९८३ ला बाजारात आला. बँडला हवं असलेलं मूळ नाव वितरकांनी ठेवू दिलं नाही, आणि छापता येण्यासारखं ते नव्हतंही.

यापुढचा टप्पा घाईने सांगतो, कारण तो बऱ्यापैकी सरळ आहे. १९८४ मध्ये कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनसोबत 'राइड द लाइटनिंग' झाला. त्यात संथ, अकूस्टिक गिटारने सुरू होणारं एक गाणं होतं, आणि 'हे विकले गेले' ही तक्रार तेव्हापासून सुरू झाली. दुसऱ्याच अल्बमला! त्याच वर्षी क्यू प्राइम ही व्यवस्थापन कंपनी आणि एलेक्ट्रा हे मोठं लेबल पाठीशी आलं. 'कुणाच्याही मदतीशिवाय' ही दंतकथा इथेच थांबवायला हवी. क्यू प्राइमचे पीटर मेन्श आणि क्लिफ बर्नस्टीन हे धंद्यात मुरलेले लोक होते. रेडिओ या बँडला घेणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलं आणि सगळी ताकद कार्यक्रमांवर लावली.

३ मार्च १९८६ ला 'मास्टर ऑफ पपेट्स' आला. आठ आठ मिनिटांची गाणी, सोबत एकही व्हिडिओ नाही. त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट मेटॅलिका प्रसिद्ध मेटल गायक ऑझी ऑस्बर्नच्या अमेरिका दौऱ्यात आधी वाजवणारा बँड होता. हे काम वरवर दुय्यम दिसतं. लोक ऑझीसाठी आलेले असतात, तुम्हाला तासभर मिळतो. पण सभागृह भरण्याची जोखीम दुसऱ्याची, आणि रोज रात्री हजारो मेटलवेडे आयते समोर. दुसऱ्या दिवशी त्यातले काही जण रेकॉर्डच्या दुकानात जाणारच. अल्बम अमेरिकेत पाच लाखांच्या विक्रीला पोहोचला आणि 'गोल्ड' ठरला.

मग स्वीडन. सप्टेंबरमध्ये युरोपचा दौरा चालू होता. झोपायच्या जागेसाठी पत्ते काढले, बर्टनने इस्पिकचा एक्का काढला आणि हॅमेटची जागा मागितली. २७ तारखेला पहाटे युंगबीजवळ बस रस्त्यावरून घसरून उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बसखाली सापडला. चोवीस वर्षांचा होता. रस्त्यावर बर्फाचा थर होता असं चालकाने सांगितलं. हेटफिल्ड त्या थंडीत अंतर्वस्त्रांवर रस्त्याने मागे चालत गेला, बर्फ शोधत. त्याला तो दिसला नाही.

थांबायचं नाही हे त्यांनी काही आठवड्यांतच ठरवलं. फ्लॉटसम अँड जेटसम बँडचा जेसन न्यूस्टेड ऑक्टोबरअखेर आत आला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बँड पुन्हा रंगमंचावर होता. न्यूस्टेडला दुःखाचं आणि चिडीचं सगळं माप भोगावं लागलं. १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये त्याचा बास जवळपास ऐकूच येत नाही. मिक्स करताना लार्स आणि हेटफिल्डने तो मुद्दाम खाली ठेवायला लावला होता. इतका ताकदीचा अल्बम इतका कोरडा वाजतो याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी तो अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. आणि इथे टीव्ही आला, पण स्वतःच्या अटींवर. 'वन' हे युद्धात हात, पाय, डोळे, कान सगळं गमावलेल्या सैनिकाचं गाणं. त्याच्या १९८९ च्या व्हिडिओत 'जॉनी गॉट हिज गन' या जुन्या युद्धविरोधी चित्रपटातली दृश्यं वापरली. त्या चित्रपटाचे हक्कच बँडने विकत घेतले. काळापांढरा, उदास, नाचगाणी नसलेला हा व्हिडिओ एमटीव्हीवर प्रेक्षकांनी उचलून धरला. त्याच वर्षी ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा पारितोषिक ठेवलं आणि दिलं कुणाला, तर बासरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जेथ्रो टल या बँडला. या निकालाचं जे हसं झालं त्यातून मेटॅलिकाला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी पारितोषिकातून मिळाली नसती.

शेवटची उडी १९९१ ची. एव्हाना बँडलाच स्वतःच्या गाण्यांचा कंटाळा आला होता. नऊ मिनिटांची, दहा रिफांची गाणी वाजवताना प्रेक्षक जांभया देतात हे त्यांनी पाहिलं. त्यांनी बॉब रॉकला निर्माता घेतलं, म्हणजे मॉटली क्रूचा चकचकीत अल्बम केलेला माणूस! चाहत्यांच्या पायाखालची जमीन सरकली. रॉकने त्यांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं, हेटफिल्डला शब्द पुन्हा लिहायला लावले, बासला त्याची जागा परत दिली. 'एंटर सँडमन'चा रिफ हॅमेटचा. तो मुळात प्रत्येक फेरीत पूर्ण व्हायचा. लार्स म्हणाला, सुरुवातीचा तुकडाच तीनदा वाजव आणि शेपूट चौथ्या वेळी जोड. एवढ्या बदलाने रिफ कानात अडकून बसला.

योगायोग असा की अल्बम येण्याआधी तीनच महिने विक्री मोजायची पद्धत बदलली. तोवर बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या खपाच्या याद्या दुकानदारांना विचारून बनत. काय खपतंय असं विचारलं की माणूस स्वतःला जे चालतंय असं वाटतं ते सांगतो, आणि काळे टी-शर्ट घातलेली पोरं काय घेऊन जातात याकडे त्याचं लक्ष नसे. मे १९९१ पासून 'साउंडस्कॅन'ने थेट गल्ल्यावरच्या बारकोडची नोंद घ्यायला सुरुवात केली. कंट्री, रॅप आणि मेटल एकदम यादीत वर दिसू लागले. १२ ऑगस्टला काळ्या मुखपृष्ठाचा 'मेटॅलिका' बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत सुमारे सहा लाख प्रती खपून थेट पहिल्या क्रमांकावर गेला. आजवर तिथे त्याच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत.

जुने चाहते या अल्बमचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. मला त्यांचं म्हणणं कळतं. घरी मीही 'मास्टर ऑफ पपेट्स'च जास्त ऐकतो. पण ड्रमचा आवाज कसा असावा हे कुणाला दाखवायचं असेल तर मी काळाच अल्बम लावतो.